जावयाला दिलेली साईड

सकाळी जनावरं सोडली, चहा घशाखाली उतरला की बद्रीनाथ परतूर रोडच्या कडेला जाऊन उभा राहायचा. पुलाच्या अलीकडं एक बाभूळ आहे, तिच्याखाली. तिथून चारशे पावलांवर रस्ता वळतो. वळणातून गाडीचं तोंड बाहेर आलं की हा मोजायला लागायचा. एक, दोन, तीन, चार. खळ्यावर माप टाकताना मोजतात तसं एका लयीत, घाई नाही की दिरंगाई नाही. गाडी समोरून गेली की आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि मागून एक शिवी हासडायची.

एसटी यायची चौदा-पंधराला. मालाचे ट्रक अठरा-वीसला. आणि या काळ्या काचांच्या पांढऱ्या गाड्या? नऊ. आठ. परवा तर एक सातालाच अंगावरून गेली.

"सात!" बद्रीनाथ तिच्या धुरळ्यात उभा राहून ओरडला. "अरे, बापाच्या मयतीला चालला काय रे? डोळे घरी ठेवून आला का?"

सत्तरचा बोर्ड आहे हो तिथं. लाल गोल, आत काळे आकडे, चांगला परातीएवढा. सरकारनं लावलाय, शोभेसाठी नव्हे. पण गाडीवाल्यांना तो दिसेल तर शपथ. त्यांना रस्ता म्हणजे आपल्या सासऱ्यानं आंदण दिलाय असंच वाटतं. आणि रस्त्यावर चालणारा बाकीचा जीव, मग तो बैल असो, शाळेचं पोर असो की सायकलवरचा दूधवाला, तो यांच्या वाटेतली अडचण.

गावातल्या लोकांनी आधी कीव केली, मग कंटाळले. "बद्रीनाथाच्या डोक्यावर परिणाम झाला," म्हणू लागले. जावई जाऊन दोन महिने होत आले होते आणि हा माणूस रोज त्याच जागेवर जाऊन गाड्या मोजत होता. नंदाबाई, त्याची बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अवो, मोजून काय माणूस माघारी येतं का?" त्यावर तो फक्त फुरफुरायचा.

खरं कारण त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

त्या दिवशी कापसाची ट्रॉली भरून तो परतूरला जिनिंगवर निघाला होता. जावई अंगद जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला. चार दिवसांची सुट्टी काढून कापूस भरू लागायला आला होता. पोराला माज म्हणून नव्हता. ट्रॅक्टर पुढं निघाला, मागून अंगद मोटारसायकलवर, कारण त्याला जिनिंगवर उभं राहून माप करून घ्यायचं होतं. ट्रॉली ही अशी भरलेली, दोन्ही बाजूंनी फुगलेली. सायलेन्सरचा काळा धूर, वरून उडणारा कापूस आणि रस्त्याची माती, सगळं मागं अंगदच्या तोंडावर.

आता जावई धूळ खात मागं येतोय आणि सासरा पुढं ऐटीत बसलाय, हे आपल्यात शोभतं का? लोकांनी बघितलं तर काय म्हणावं? बद्रीनाथला ते काही सहन होईना. आणि मोठ्या गाडीवाल्यानं मागच्याला हात करून साईड द्यायची, ही तर रस्त्यावरची जुनी रीतच. पुढचा उंचावर बसलेला असतो, त्याला लांबचं दिसतं, मागच्याला ट्रॉलीशिवाय काही दिसत नाही. पुढच्यानं उजवा हात बाहेर काढून 'ये' केलं की मागच्यानं निघायचं. हात दिला तरी मागंच राहणं म्हणजे पुढच्यावर भरवसा नसल्यासारखं. त्यात पुढचा सासरा असला तर विचारूच नका.

तर बद्रीनाथनं हात दिला. अंगद ट्रॉलीच्या आडून बाहेर निघाला. आणि समोरून ती पांढरी गाडी आली.

सरकारी ठेके घेणाऱ्या एका गुत्तेदाराची गाडी होती. गाडीत फुगे उघडले, आतल्या माणसाला ओरखडा नाही. अंगदच्या डोक्याला हेल्मेट होतं, डोकं शाबूत राहिलं, पण छातीचं काही उरलं नाही. पोलीस आले, पंचनामा झाला. बद्रीनाथला विचारलं, "काका, कसं झालं?" त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी पुढं बघत होतो. मागं काय झालं मला ठाऊक न्हाई."

आणि हेच कागदावर गेलं. एकदा गेलं ते गेलंच. मग कागदावर पुढची ओळ आली: मोटारसायकलस्वारानं भरधाव वेगात, हयगयीनं पुढचं वाहन ओलांडलं आणि तो स्वतःच्या मरणास स्वतः कारणीभूत झाला. आरोपी मयत. फाईल बंद.

मेलेला माणूस आरोपी! बद्रीनाथची तळपायाची आग मस्तकात जायची. गुत्तेदाराला शिव्या, पोलिसांना शिव्या, रस्ता बांधणाऱ्याला शिव्या. शिव्या देऊन दमला की बाभळीखाली जाऊन मोजायचं. कारण मोजण्यातून त्याला एक गोष्ट सापडली होती. सत्तरनं येणाऱ्या गाडीला वळणापासून इथवर यायला पंधरा लागतात. पंधरात मोटारसायकल ट्रॉलीच्या पुढं जाऊन आपल्या बाजूला आरामात येते, वर तीन-चार उरतात. म्हणजे आपला हात चुकला नव्हता. हात बरोबर होता, गाडी चूक होती. रोज मोजायचं आणि रोज स्वतःला हे पटवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पटेनासं व्हायचं, की पुन्हा बाभळीखाली.

शनिवारी संध्याकाळी मीना आली. मीना म्हणजे त्याची थोरली, अंगदची बायको. जालन्याला बियाण्याच्या प्लांटवर पाकिटं भरायच्या कामाला जाते. नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी कामावर हजर झाली होती. हाताला धरून सहा वर्षांची प्रांजली होती. पिशवी ओट्यावर टाकली आणि पाणीही न पिता मोबाईल बापापुढं धरला.

"वाचा."

बद्रीनाथनं चष्मा लावला. अंगदच्या कारखान्याचं गेट. गेटावर मोठा फलक. फलकावर अंगदचा फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, केस चापून बसवलेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: घाई केली, जीव गमावला. आपण असे करू नका.

"रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला जानेवारीत," मीना म्हणाली. "तवा लावला. आता फेब्रुवारी संपत आला, तरी तसाच हाये. माझी रिक्षा रोज त्याच गेटावरून जाती, आबा. जातानी बघायचं, येतानी बघायचं. परवा हिला दवाखान्यात नेत होते, तर हिनं बघितला. आता वाचायला येतं न्हवं हिला. एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचून राह्यली, घा, ई, के, ली. रिक्षातली माणसं तिच्याकडं बघून राह्यली. मंग मला म्हणती, पप्पांनी काय केलं?"

नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. प्रांजली गोठ्याकडं पळाली होती, ते बरं झालं.

"कोण हाये तो साहेब?" बद्रीनाथ उठलाच. "त्याच्या आईला... माझ्या जावयाला लटकवतो गेटावर? उद्याच जातो. दगडानं फोडतो तो बोर्ड, बघू कोण अडवतं!"

"फोडा. परवा दुसरा लावतील." मीना खाली बसली. "मी गेल्ते त्या साहेबाकडं. तो म्हणाला, ताई, आमचा काय राग न्हाई, आम्ही पोलिसाचा कागद बघून लावलं. कागद बदलून आणा, एका मिनिटात काढतो. म्हंजे कागद बदलायला पाहिजे, आबा. तो कागद खोटा हाये. अवो, ह्या माणसाच्या मागं बसून मी आठ वर्षं फिरले. बैलगाडीच्या मागं उभा राह्यचा हा माणूस! मी म्हणायचे, मी उतरून चालत गेले तर तुमच्या आधी पोचंल. तर म्हणायचा, पोच, मी चहा प्यायला येतो. कारखान्यात ह्याला हेल्मेटवाला नवरदेव म्हणून चिडवायचे. आन् त्यानं घाई केली?"

बद्रीनाथनं चष्मा काढून खिशात ठेवला.

"तुम्ही पुढं होते," मीना म्हणाली. "तुम्ही पोलिसांना सांगितलं, मी पुढं बघत होतो."

"हां. मंग? पुढंच बघत होतो मी."

"मंग बराबर. पुढं बघत होते तर समोरून येणारी गाडी सगळ्यात आधी तुम्हालाच दिसली असंल. तेवढं तर सांगताल? ती कशी आली, किती जोरात आली, तेवढं सांगा. पुरवणी जबाब देता येतो, मी विचारून आले. सोमवारी जाऊ."

बद्रीनाथला एकदम मोकळं वाटलं. हे आपल्याला दोन महिने कसं सुचलं नाही! हाताचं बोलायचंच नाही. गाडीचं बोलायचं. आपल्याकडं तर आकडे आहेत, रोजचे, मोजलेले. मांडी ठोकून तो म्हणाला, "जाऊ! बिलकुल जाऊ! सत्तरच्या जागी ती सव्वाशेनं आली, आठ मोजेस्तोवर आली. मी सांगतो ना! त्या गुत्तेदाराला आत नाही टाकला तर नावाचा बद्रीनाथ न्हाई." त्या रात्री तो दोन महिन्यांनी पोटभर जेवला.

सोमवारी ठाण्यात हवालदार राजानंद भेटले. माणूस काही वाईट नव्हता. डोळ्यांखाली जाग्रणाचे फुगे, टेबलावर अर्धवट प्यायलेला चहा, शेजारी कॉम्प्युटर. मीनाला त्यांनी खुर्ची दिली, बद्रीनाथला बाकडं. फाईल काढली, दोन पानं उलटली.

"ताई, गाडी जोरात होती हे आम्हाला ठाऊक हाये," ते म्हणाले. "त्याच सकाळी अलीकडं कॅमेऱ्यानं तिला धरलंय. एकशे सव्वीस. चलन गेलं. त्यांनी मोबाईलवरच भरूनबी टाकलं."

"मंग?"

"मंग असं हाये, की पुलाजवळ मधी पिवळी पट्टी हाये. सलग. तिथं ओव्हरटेक करायला बंदी. गाडी आपल्या बाजूनं चालली होती. तुमचे मिस्टर पट्टी ओलांडून तिच्या बाजूला गेले. गाडीवाल्याची चूक हाये, त्याचं त्यानं भरलं. पण तुमचे मिस्टर आपल्या मनानं पट्टीपल्याड गेले, त्याला कोण काय करणार?"

झालं! बद्रीनाथ बाकड्यावरून उठला.

"आपल्या मनानं? आन् तो एकशे सव्वीसवाला कुणाच्या मनानं आला? सत्तरचा बोर्ड लावता तुम्ही, परातीएवढा. कशाला लावता? चिमण्या बसायला? एकशे सव्वीसनं माणूस मारायचा, मोबाईलवर बोट दाबायचं, विषय संपला! आन् जो मेला तो आरोपी! ज्याचं लेकरू बापाच्या फोटोखाली अक्षरं लावून वाचतंय, तो आरोपी! अहो साहेब, बैल रस्त्यात आला तर आम्ही ट्रॅक्टर थांबवतो. शाळेची पोरं दिसली तर थांबवतो. ह्यांना ब्रेक नसतेत का गाडीला? का ब्रेक फक्त गरिबाच्या गाडीला असतेत? मी रोज उभा राहतो तिथं. रोज मोजतो. सात मोजेस्तोवर येतेत! कुणी बघायला येतं का तुमच्यातलं? एक दिवस तरी आला का कुणी?"

ठाण्यातले दोघं-तिघं वळून बघू लागले. राजानंद शांतपणे ऐकत राहिले. त्यांना असं रोज कुणीतरी बोलत असावं.

"काका, तुमचं म्हणणं खोटं न्हाई," ते म्हणाले. "बसा. बोलून झालं असंल तर सांगा, लिहून घेतो. पुरवणी जबाब. तुम्ही पुढं बघत होते ना?"

"हां."

"गाडी पहिल्यांदा कुठं दिसली?"

"वळणातून तोंड निघालं तिथंच. आठ मोजेस्तोवर अंगावर आली."

राजानंदांची बोटं खटाखटा चालू लागली. मीना बापाकडं बघून मान हलवत होती, 'हां, सांगा, सांगा' अशी. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर थोडा उजेड दिसला.

"बरं. गाडी तुम्हाला वळणावर दिसली, तवा तुमचे जावई कुठं होते?"

"मागं."

"ट्रॉलीच्या मागंच? अजून बाहेर निघाले नव्हते?"

"न्हाई... मागंच असतील."

राजानंदांची बोटं थांबली. त्यांनी मीनाकडं बघितलं, मग बद्रीनाथकडं.

"काका, म्हंजे गाडी वळणातून निघाली, तुम्हाला दिसली, तवर ते मागंच होते. आन् समोरून गाडी येत असताना ते पट्टी ओलांडून बाहेर निघाले. असंच होतंय ना? लिहू असं?"

मीनाच्या तोंडावरचा उजेड गेला. तिला लगेच समजलं, बद्रीनाथला समजायला दोन श्वास लागले. गाडी बुडवायला आलो होतो आणि आपल्याच तोंडानं जावयाला आणखी खोल पुरत होतो. राजानंदांनी पुन्हा टाईप करायला सुरुवात केली. खट, खट, खट.

"थांबा," बद्रीनाथ म्हणाला. "लिहू नका."

"काय झालं?"

"लिहू नका म्हणलं ना!" ओरडता ओरडताच तो बाकड्यावर बसला. "हात मी दिला."

"कसला हात?"

"साईडचा. या म्हणून हात दिला मी. तो आपल्या मनानं निघाला न्हाई. मी बोलावलं म्हणून आला."

मीना हलली नाही. ती बापाच्या उजव्या हाताकडं बघत होती. तो हात बद्रीनाथनं बाकड्याखाली नेला.

"जावई मागं धूळ खाऊन राह्यला होता," तो पुटपुटला. "बरं दिसत नव्हतं. मला काय ठाऊक..."

"आबा," मीना म्हणाली.  

राजानंदांनी खुर्ची सरकवली. आवाज खाली आणला. "काका, नीट ऐका. हात देताना तुम्ही रस्ता बघितला होता ना? रस्ता मोकळा होता, तुम्ही हात दिला, ते निघाले, आन् गाडी एकशे सव्वीसनं आली म्हणून गाठ पडली. असंच ना? असं असंल तर जावयाचं बरंच हलकं होतं. तुमचंबी हलकं होतं. सगळा भार गाडीवर जातो."

किती सोपं होतं! नुसतं 'हो' म्हणायचं होतं. बाभळीखाली दोन महिने त्यानं हेच तर मोजलं होतं. पंधरात निघतो, आठात नाही. हात बरोबर, गाडी चूक. 'हो' म्हटलं की अंगद सुटला, फलक उतरला, पोरगी खूश, आपणही मोकळे. गुत्तेदार जाईना खड्ड्यात, तो होताच नालायक.

पण मीना बघत होती. आणि बद्रीनाथच्या डोळ्यांपुढं ती सकाळ जशीच्या तशी उभी राहिली. त्याला स्वतःचाच इतका संताप आला की त्यानं करकर दात खाल्ले.

"पहिल्यांदा बघितला होता," तो म्हणाला. "पहिल्यांदा रस्ता मोकळा होता. हात दिला. तो आला न्हाई. मागंच राह्यला. मंग थोडं पुढं गेल्यावर परत दिला. तवाबी मोकळा होता. तरी आला न्हाई. मला वाटलं, हा काय प्रकार? मी सासरा, मी हात देतोय आन् हा येत न्हाई? मागं अजून दोन मोटारसायकली होत्या, आमच्याच गावची पोरं; पोलिसाच्या भीतीनं ती कधी बोलली न्हाईत. ते बघून राह्यले की बद्रीनाथचा जावई भित्रा हाये. मला राग आला. मंग मी अशी मान मागं वळवली..." त्यानं मान वळवून दाखवली, खांद्यावरून मागं. "आन् ओरडलो. या की ओ अंगदराव, एवढं काय भ्यायचं! आन् हात दिला, जोरात. त्यानं मान हलवली. हॉर्न वाजवला दोनदा, आलो मामा म्हणल्यासारखा. आन् आला."

"आन् रस्ता?" राजानंदांनी विचारलं.

"मी मागं बघत होतो."

"पुढं?"

"पुढं बघितलंच न्हाई साहेब. तिसऱ्यांदा न्हाई बघितलं. ती गाडी वळणात होती, का अर्ध्यात आल्ती, का पुलावर होती, मला काहीच ठाऊक न्हाई. मी पुढं वळलो तवा ती समोर होती. हे आठ आन् पंधरा मी मागून मोजलं. दोन महिने मोजून राह्यलो. खोटं मोजून राह्यलो." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "लोकाला शिव्या देऊन राह्यलो, आन् माझी मान मागं होती!"

 बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होईना, किका मारल्याचा आवाज येत राहिला.

"काका," राजानंद शेवटी म्हणाले, "हे असं लिहिलं तर गुन्ह्यात तुमचं नाव येतं. गाडीवाल्याचं येईल, त्याच्या वेगाचं मी लिहीनच. पण तुमचंबी येतं. बंदीच्या जागी, न बघता इशारा दिला. कोर्ट लागंल. वय बघा आपलं. घरी जाऊन विचार करा पाहिजे तर. उद्या या."

बद्रीनाथनं लेकीकडं बघितलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. शिव्या देईल, अंगावर धावून येईल, उठून निघून जाईल, काहीही. त्यानं ते सगळं झेललं असतं. पण मीनाचे डोळे कोरडे होते.

"दोनदा आले न्हाईत?" तिनं विचारलं.

"आं?"

"तुम्ही हात दिला. रस्ता मोकळा होता. तरी दोनदा आले न्हाईत?"

"न्हाई आले. मागंच राह्यले. पट्टी होती म्हणून असंल."

मीनानं एक लांब श्वास घेतला. खुर्ची ओढून टेबलाला लावली, पार कॉम्प्युटरच्या जवळ. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"उद्या न्हाई साहेब, आताच लिहा," ती म्हणाली. "पहिलं हे लिहा. सासऱ्यानं दोनदा हात दिला, रस्ता मोकळा होता, तरी प्रांजलीचे पप्पा पट्टी ओलांडून गेले न्हाईत. दोनदा गेले न्हाईत. हे वर लिहा, सगळ्यांच्या वर. तो कारखान्याचा साहेब वाचंल ना, त्याला पहिलं हेच दिसलं पाहिजे. मंग गाडीचं एकशे सव्वीस लिहा, एकबी आकडा कमी करू नका. आन् मंग तिसऱ्या हाताचं लिहा."

"ताई, वडील हायेत तुमचे."

"हायेत. म्हणूनच तर गेला न्हवं तो. दुसऱ्या कुणी हात दिला असता तर तिसऱ्यांदाबी गेला नसता."

राजानंदांनी थोडा वेळ तिच्याकडं बघितलं. मग नवं पान उघडलं आणि जबाब देणाऱ्याच्या रकान्यात बोट ठेवून बद्रीनाथला विचारलं, "पूर्ण नाव?"

बद्रीनाथ आपल्या उजव्या हाताकडंच बघत बसला.  मग मीनानंच बापाचं पूर्ण नाव सांगितलं, आजोबाच्या नावासकट, आडनाव, गाव, तालुका, आणि हवालदारानं ते बरोबर लिहिलं की नाही हे वाकून बघितलं.